७५ टक्के, पण कुठल्या मापाने?

संपादक महोदय, स.न.

मी वेताळ टेकडीवर रोज सकाळी जाणारा माणूस, गळ्यात दुर्बीण आणि खिशात वही. परवा आमच्या भागात एक मीटिंग होती, तिथे एका सल्लागार साहेबांनी स्लाइड दाखवली की टेकडीवरचे आणि खालच्या नव्या बागेतले पक्षी ७५ टक्के सारखेच आहेत, म्हणजे टेकडीवर थोडं बांधकाम झालं तरी पक्ष्यांना बाग आहेच की. लोकांनी माना डोलावल्या. मी विचारलं ७५ कुठल्या मापाने, तर म्हणे सॉफ्टवेअरमधून आलंय!

घरी येऊन त्यांच्याच स्लाइडवरचे आकडे घेऊन बसलो. टेकडीवर ४० जाती, बागेत २०, दोन्हीकडे दिसलेल्या १५. आता गंमत बघा, १५ ला छोट्या यादीने म्हणजे २० ने भागलं की ७५ टक्के. सोरेन्सन नावाच्या शास्त्रज्ञाच्या मापाने १५ ची दुप्पट भागिले दोन्ही याद्यांची बेरीज, म्हणजे ६०, झाले ५०. जॅकार्ड नावाच्या स्विस वनस्पतीशास्त्रज्ञाने १९०१ साली आल्प्स आणि जुरा डोंगरातल्या वनस्पतींची तुलना करताना वापरलेलं माप लावलं तर दोन्हीकडच्या मिळून ४५ जाती, त्यातल्या १५ सामायिक, म्हणजे ३३. आणि कुणी जिल्ह्याची ३०० पक्ष्यांची यादी समोर ठेवून दोन्हीकडे नसलेले २५५ पण 'सारखे' धरले तर थेट ९०! म्हणजे भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टेकडीवर नाहीत आणि बागेतही नाहीत, म्हणून दोन्ही जागा सारख्या, घ्या.

साहेबांचं ७५ खोटं नाहीये, पण ते बागेतले किती पक्षी टेकडीवर सापडतात ते सांगतं. आपल्याला हवंय उलटं, टेकडीवरचे किती बागेत सापडतात, तर ४० पैकी १५. उरलेल्या २५ चं काय हे कुणी विचारलंच नाही. जॅकार्ड की सोरेन्सन यावर मात्र भांडू नये, जागांच्या जोड्या जास्त सारख्या ते कमी सारख्या अशा लावल्या तर क्रम दोन्हींनी तोच येतो.

बरं, जाती सोडून मुंडकी मोजणारं ब्रे-कर्टिसचं माप (१९५७ चं) घेतलं तर वेगळाच घोळ, कारण दोन्हीकडे लोक पारव्यांना ज्वारी टाकतात आणि मग तीनशे पारवे एकटेच सगळा आकडा वर ओढतात, म्हणून मोठे आकडे आवळायला आधी आकड्यांचं वर्गमूळ घ्यायची पद्धत आहे, ते केलं होतं का? आणि टेकडीवर आठ सकाळी फिरून बागेत एकच तास उभे राहिले असतील तर बागेची यादी छोटी येणारच, हे माझ्या ३३ ला पण लागू आहे हं.

तर विनंती एवढीच की अशा टक्क्यांची बातमी छापताना मापाचं नाव, दोन्ही याद्या आणि किती तास मोजलं ते पण छापा, चार ओळी जास्त लागतील.

आपला,
एक टेकडीकर, कोथरूड, पुणे