सन-अपवर दोन डॉलर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र कालच हाती आलं. मार्क्स बंधूंचा 'अ डे ॲट द रेसेस' हा सिनेमा तू अर्ध्यावरच बंद केलास हे वाचून मला राहवेना, म्हणून आज बाकीची कामं बाजूला ठेवून लिहायला बसलोय. गाणी लांबलचक आहेत, पाण्याकाठच्या त्या जलशात जीव कंटाळतो, आणि नाव शर्यतीचं असून बराच वेळ घोडा जेमतेम दिसतो, अशा तुझ्या तीन तक्रारी. पहिल्या दोन मला मान्य आहेत. तिसरीवर मात्र मी तुझ्याशी भांडणार. रेसच्या नादाबद्दल इतकं खरं बोलणारा विनोदी सिनेमा मला दुसरा ठाऊक नाही, आणि ते खरं बोलणं घोड्यांच्या पाठीवर नव्हे, तिकीट खिडकीपाशी चालतं.

तू आइस्क्रीमवाल्याचा प्रसंग पाहिलास का, ते पत्रातून कळत नाही. पाहिला असशील तरी पुन्हा सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्या एका प्रसंगावर उभं आहे.

ग्राउचो मार्क्स, म्हणजे आपला डॉक्टर हॅकेनबुश, खिडकीपाशी येतो. सन-अप नावाच्या घोड्यावर दोन डॉलर लावायचे, एवढंच त्याच्या मनात आहे. घोडा ठरलेला, पैसे हातात. तेवढ्यात त्याचा भाऊ चिको, म्हणजे सिनेमातला टोनी, आइस्क्रीमची गाडी घेऊन आडवा येतो. आइस्क्रीम हे नुसतं निमित्त, खरा धंदा टिप, म्हणजे कुठला घोडा जिंकणार याची आतली खबर, विकण्याचा. तो हॅकेनबुशला पटवतो की सन-अपमध्ये काही दम नाही, माझ्याकडे याहून पक्की टिप आहे, किंमत एक डॉलर. टिप उघडली तर आत नुसती अक्षरं, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मग कळतं की ही सांकेतिक भाषा आहे आणि ती उलगडायला वेगळं पुस्तक लागतं. पुस्तक फुकट, फक्त छपाईचा खर्च एक डॉलर. ते उघडलं तर त्याला आणखी एक मोठं पुस्तक लागतं. तेही फुकट, फक्त पोचवण्याचा खर्च पडेल. अरे, मी तुझ्या शेजारीच उभा आहे, असं हॅकेनबुश म्हणतो, तर टोनी उदार होऊन अंतर कमी म्हणून दर कमी करतो! त्यानंतर घोड्यांच्या वंशावळीचं पुस्तक. हॅकेनबुशच्या काखेत पुस्तकं, हातात पुस्तकं, गुडघ्यांच्या मध्ये दाबलेली पुस्तकं, आणि तो वाकून वाकून पानं उलटतोय. अखेर घोड्याचं नाव सापडतं. तो खिडकीकडे धावतो, तर ती शर्यत केव्हाच संपलेली. जिंकलं कोण? सन-अप.

आता यातली मेख बघ. हॅकेनबुश पुस्तकांत डोकं घालून उभा असताना टोनी त्याच्या पाठीमागे त्याच खिडकीवर जातो आणि सन-अपवर पैसे लावतो. मित्रा, टोनीकडे टिप नव्हतीच. सगळ्या सौद्यात कामाची माहिती एकच होती आणि ती गिऱ्हाइकाने स्वतः आणली होती. टोनीने ती फुकट घेतली, वर त्याच गिऱ्हाइकाकडून डॉलर उकळले आणि त्याचाच घोडा खेळला. प्रसंग संपतो तेव्हा आइस्क्रीमची गाडी हॅकेनबुशच्या गळ्यात पडलेली असते आणि आइस्क्रीम घ्या म्हणून ओरडणारा तो असतो.

रेसमध्ये माणूस लोभाने बुडतो असं आपण नेहमी ऐकतो. हा प्रसंग वेगळं सांगतो, आणि मला ते जास्त पटतं. हॅकेनबुश लोभी नाही. दोन डॉलर लावून घरी जाणारा माणूस आहे तो. त्याला बुडवते ती आणखी थोडं कळलं तर बरं होईल ही हुरहुर. पहिला डॉलर दिला की दुसरा दिल्यावाचून पहिल्याची किंमत वसूल होत नाही, आणि तिसरा दिल्यावाचून पहिले दोन वाया जातात. घोडा धावायच्या आत तो हरलेला असतो. यावर व्याख्यान देणारे पुष्कळ. चिकोने ते हातातल्या पुस्तकांचा ढीग वाढवत दाखवलं, आणि आपण हसता हसता पुढचं पुस्तक कुठलं निघणार याची वाट बघत राहतो, म्हणजे आपणही हॅकेनबुशसारखेच गुंतलेले असतो.

तुला हिशेबाची आवड आहे म्हणून थोडं त्या काळाबद्दल लिहितो. कॅलिफोर्नियात 1909 साली रेसवरच्या पैजांना कायद्याने बंदी आली होती. पुढे मंदीत सरकारी तिजोरी आटली आणि 1933 साली पैजा पुन्हा कायदेशीर झाल्या, पण बुकीच्या हाती नव्हे, टोटच्या पद्धतीने. म्हणजे एका शर्यतीवर लागलेले सगळे पैसे एका ठिकाणी जमा होतात, त्यातून सरकारचा आणि मैदानाचा वाटा आधी कापला जातो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. घोड्याचा भाव कोणी एक माणूस ठरवत नाही, खेळणारेच आपल्या पैशांनी ठरवतात. ज्या घोड्यावर जास्त लोक, त्यावर जिंकलं तरी हाती कमी येतं. आता यात टिप विकणाऱ्याची अडचण बघ. टिप खरी असली आणि चारचौघांना विकली, तर विकता विकताच ती स्वस्त होणार. म्हणून टिपला गुपिताचं सोंग आणावंच लागतं. कानाशी कुजबुज, सांकेतिक अक्षरं, कुलूपबंद ज्ञान. टोनीच्या गाडीतली पुस्तकं हास्यास्पद वाटतात खरी, पण ज्या धंद्याची ती नक्कल आहेत त्याची गरज त्यांत नेमकी पकडली आहे.

हॉलिवुडला हे सगळं अगदी दारातलं होतं. कॅलिफोर्नियातल्या आर्केडियाचं सँटा अनिटा मैदान 25 डिसेंबर 1934 रोजी सुरू झालं, आणि ते उभं करणाऱ्यांत विनोदी सिनेमांचा निर्माता हॅल रोच होता. सिनेमातल्या मैदानावरच्या दृश्यांसाठी हेच सँटा अनिटा वापरलं. सिनेमा आला जून 1937 मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात गायक बिंग क्रॉस्बीने कॅलिफोर्नियातच डेल मारचं रेसचं मैदान खुलं केलं. पडद्यावर तिकीट खिडकी दिसली की तिथल्या प्रेक्षकाला आपल्या ओळखीची जागा दिसत होती.

आणि चिको! तिघा भावांत खरा जुगारी तोच. पत्ते, घोडे, काहीही. त्याने आयुष्यभर कमावलं ते तिथेच घालवलं, आणि पुढे भावांना त्याच्या पैशांवर नजर ठेवावी लागली. 'अ नाइट इन कॅसाब्लँका' हा 1946 चा सिनेमा त्यांनी केला त्यामागेही त्याची देणी हे एक कारण होतं. हे माहीत झाल्यापासून मला तो आइस्क्रीमवाला वेगळाच दिसतो. खिडकीच्या बाहेर ज्याने उभं आयुष्य काढलं, त्याला एकदा खिडकीच्या फायद्याच्या बाजूला उभं राहायला मिळालं. तो घाई करत नाही. गिऱ्हाईक डळमळलं की गप्प बसतो आणि पुन्हा आइस्क्रीमची हाळी देतो, जणू याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही. ही लकब लिहून येत नाही, पाहून येते.

तू सिनेमा नेमका जिथे सोडलास, तिथून पुढे मिसेस अपजॉनची खरी गंमत आहे. मार्गारेट ड्यूमाँटने मार्क्स बंधूंबरोबर सात सिनेमे केले, त्यातलं हे काम मला सर्वांत आवडतं. ही श्रीमंत बाई ठणठणीत आहे. डॉक्टर तिला तसं सांगतात आणि म्हणूनच ती आरोग्यधाम सोडून निघते. तिला बरं करणारा डॉक्टर नको आहे, आजारी म्हणणारा हवा आहे. असं म्हणणारा एकच, हॅकेनबुश, आणि तो खरा घोड्यांचा डॉक्टर! मॉरीन ओसलिव्हनच्या ज्यूडीचं आरोग्यधाम कर्जात बुडालंय, मैदानाचा मालक मॉर्गन ते गिळायला टपलाय, त्यामुळे बाईला थांबवण्यासाठी हॅकेनबुशला बोलावलं जातं. आता जोड लावून बघ. अपजॉनबाई हॅकेनबुशकडे ज्या डोळ्यांनी बघतात, त्याच डोळ्यांनी हॅकेनबुश टोनीच्या पुस्तकांकडे बघतो. तिला आजार विकणारा माणूस स्वतः टिप विकत घेताना तिच्याइतकाच भोळा. दुसऱ्याला फसवायची कला येते म्हणून आपण फसत नाही, हा समज सिनेमा काही न बोलता मोडून काढतो. ही वीण लक्षात आल्यावर मला हा सिनेमा सुट्या विनोदांची माळ वाटेनासा झाला.

विनोद इतके घट्ट बसलेत, त्यामागे मेहनतही तशीच आहे. 'अ नाइट ॲट द ऑपेरा' या आधीच्या सिनेमाच्या वेळी केलं होतं तसं याही वेळी 1936 च्या उन्हाळ्यात ही मंडळी विनोदी प्रसंग घेऊन गावोगावच्या नाट्यगृहांत फिरली. कुठल्या वाक्याला हशा येतो, कुठल्याला नाही, हे जिवंत प्रेक्षकांसमोर तपासून मग चित्रीकरण. ही रीत निर्माता आयर्व्हिंग थालबर्गची. पण चित्रीकरणाला सुरुवात होते न होते तोच, 14 सप्टेंबर 1936 रोजी न्यूमोनियाने तो गेला. वय अवघं 37. दिग्दर्शक सॅम वुडने काम पुरं केलं. थालबर्ग गेल्यावर आपला सिनेमातला जीवच गेला, अशा अर्थाचं ग्राउचो पुढे बोललाय. दुसऱ्या अर्ध्यात कुठे कुठे सैलपणा जाणवतो. थालबर्ग असता तर ती कात्री त्याने चालवली असती, असं मला वाटत राहतं.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. तबेल्याजवळच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय लोकांचं जे मोठं गाणं आहे, त्यात आयव्ही अँडरसनचा आवाज आणि त्या तरुण मंडळींचा नाच पाहून अंगात वीज येते. ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदाची गायिका ती, आणि या सिनेमात तिच्या वाट्याला एवढंच. त्याच्याच शेवटी पाठलाग चुकवायला तिघे भाऊ तोंडाला वंगण फासून त्या गर्दीत मिसळतात. ते मला बघवत नाही. त्या काळी चालायचं म्हणून ते चांगलं ठरत नाही. जिने गाणं एवढं उचललं तिच्या शेजारी हे उभं केलं याचा राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

शेवटची शर्यत मात्र तुला आवडेल याची खात्री आहे, कारण तिथे तुझे घोडे पोटभर आहेत. हाय-हॅट हा आपल्या मंडळींचा घोडा. तो सपाट मैदानावर चालत नाही, पण उड्या मारण्यात पटाईत, हे पळता पळताच कळतं. मॉर्गनचा आवाज कानावर पडला की तो उधळतो, आणि पाठीवर बसलेला जॉकी म्हणजे तिसरा भाऊ, पडद्यावर मुका असणारा हार्पो! शर्यत लांबवण्यासाठी जे उद्योग चालतात ते सांगून तुझी मजा घालवत नाही. एवढंच सांगतो की चिखलात दोन घोडे पडतात, उठताना जॉकींची अदलाबदल होते, आणि चिखलाने माखलेल्या अंगावर कुठला नंबर कोणाचा ते कोणालाच दिसत नाही. टोनीच्या गाडीतल्या एकाही पुस्तकात हा चिखल नव्हता. निकाल लागल्यावर अंगावरचा चिखल पुसून नंबर बघायला लागतो, तेव्हा कळतं जिंकलं कोण.

तेव्हा पुन्हा लाव. कंटाळा आलाच तर जलशाच्या वेळी चहा करून ये, मी काही म्हणणार नाही. पण आइस्क्रीमचा प्रसंग लागला की टोनीवरून नजर हलवू नकोस. मला एक गोष्ट आजवर ठरवता आलेली नाही. हॅकेनबुशच्या तोंडून सन-अपचं नाव ऐकलं त्याच क्षणी टोनीने तो घोडा खेळायचं ठरवलं, की त्याला पुस्तकांत बुडलेला पाहून ही बुद्धी नंतर सुचली? पहिलं खरं असेल तर तो फार पोचलेला ठग आहे. दुसरं खरं असेल तर तोही गिऱ्हाइकाइतकाच मोहाला बळी पडलाय, फक्त त्याचा घोडा लागला. मी मनाने दुसऱ्याकडे झुकतो. तुझी नजर माझ्याहून तिखट आहे, तुला काय दिसतं ते सविस्तर लिही.

तुझाच,
जुना मित्र