इसबासाठी तेल न्यायला येणाऱ्यांना

मा. संपादक,

शहापुरात आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा, करडई, जवस गाळतो. हल्ली काही गिऱ्हाइकं बाटलीच्या आधी मोबाइल पुढे करतात. ‘पोटातले जीवाणू सुधारा, जवसाचं तेल प्या, इसब मुळापासून जाईल.’ अशा निरोपांनी माझा गल्ला भरतो, तरी लिहितोय.

तेलाचा आणि कातडीचा संबंध आहेच. १९२९ साली अमेरिकेत बर नावाच्या जोडप्यानं उंदरांना स्निग्धांश अजिबात नसलेलं खाणं दिलं, तेव्हा त्यांची कातडी खवल्यांची झाली. करडईत भरपूर असलेलं लिनोलेइक आम्ल कातडीचा वरचा थर राखायला लागतं. पण रोज फोडणीचं जेवणाऱ्या घरात त्याची वाण सहसा नसते. इसबावर गाजलेल्या इव्हिनिंग प्रिमरोज या फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या गोळ्यांचाही उपयोग २०१३ साली दिसला नाही; झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेनं तो आढावा घेतला होता.

जीवाणूंचं म्हणाल तर मोठ्या आतड्यात ते अन्नातला चोथा आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी लहान स्निग्ध आम्लं तयार होतात. त्यानं कातडीचं कुंपण घट्ट होतं, असं उंदरांत दिसलंय. माणसांचं काय? प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपकारक जिवंत जीवाणू, देऊन इसब किती कमी होतो, याचा २०१८ साली आढावा घेतला गेला; खाजेत आणि त्रासात फरक जवळपास नाहीच. ज्वारीची भाकरी, मसुराची आमटी, हुलग्याचं माडगं पोटासाठी जरूर खावं. मलम मात्र त्यापायी सोडू नये.

मला जास्त धास्ती वाटते ती पथ्याची. परवा वडगावची एक बाई पोराला घेऊन आली. कोपराच्या लवणीत खाजवून खाजवून कातडी जाड, काळपट झालेली. “शेंगा, अंडी, दूध, सगळं बंद केलंय बघा मामा.” पोरगं पार वाळलेलं. शेंगांचं तेल मात्र पाच लिटर हवं होतं! डॉक्टरनं तपासून सांगितल्याशिवाय असं सगळं तोडणं म्हणजे पोराची उपासमार. लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० तान्ही बाळं घेऊन केलेल्या अभ्यासाचा निकाल २०१५ साली आला. शेंगदाणा टाळणाऱ्यांत पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी १७.२ टक्के निघाली, तान्हेपणापासून तो खाणाऱ्यांत ३.२ टक्के. (अख्खा दाणा बाळाला देऊ नये, घशात अडकतो. इसब जोराचा असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच.)

हे सगळं मी घाण्यावर बसून किती जणांना सांगणार? आरोग्याची पत्रकं आमच्याकडे येतात ती कन्नडमधून. बाया त्यांची घडी घालून तेलाच्या बाटलीखाली ठेवतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडून आपण मराठीत लेख लिहून घ्यावा. पोराला काय द्यायचं, काय कधी बंद करायचं, मलम किती दिवस लावायचं, एवढं त्यात आलं तरी पुरे. कात्रण मी दरफलकाशेजारी लावीन.

— एक घाणेवाला, शहापूर, बेळगाव