स्पीडबोटीची ट्रायल फेरीबोटीच्या वाटेवर नको

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी मांडवा-अलिबाग पट्ट्यात आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावायची) इंजिनं बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो, त्याआधी अकरा वर्षं शारजा-दुबईकडच्या वर्कशॉपमध्ये वेगाच्या कॅटमरान बोटींवर काम केलंय. आता इकडेही अशा बोटी यायला लागल्यात, दोन पायांच्या (म्हणजे खाली दोन अरुंद तळ), मधे बोगदा असलेल्या, मागे दोन मोठी आउटबोर्ड. घेणारे हौसेने घेतात, पण ती बोट पाण्यात उतरवून सेट करायची म्हणजे काय असतं आणि ते कुठे करायचं याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही म्हणून हे पत्र.

18 डिसेंबर 2024 ची दुपार इकडचं कोणी विसरलेलं नाही. गेटवेवरून घारापुरीला निघालेली नीलकमल फेरीबोट, वर शंभरावर माणसं, आणि करंज्याजवळ नौदलाची स्पीडबोट तिच्यावर येऊन आदळली, 15 जीव गेले. त्या स्पीडबोटीवर इंजिनाची ट्रायल चालू होती आणि ताबा सुटला असं नौदलानेच सांगितलं. ती बोट कॅटमरान नव्हती हे मला माहितीय, पण माझा रोख ‘ट्रायल’ या शब्दावर आहे. ज्या बोटीवर इंजिन बदललं, पंखा (प्रोपेलर) बदलला किंवा वजन इकडचं तिकडे केलं ती बोट कालची बोट राहत नाही, ती कशी वागेल हे अजून कोणालाच ठाऊक नसतं, चालवणाऱ्यालाही नाही आणि बसवणाऱ्या मेकॅनिकलाही नाही. अशी बोट माणसांनी भरलेल्या फेरीच्या वाटेवर फुल थ्रॉटलला न्यायची नसते, एवढं सांगायला मी लिहितोय.

कॅटमरानच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे कारण ही बोट अर्धी पाण्यावर आणि अर्धी हवेवर चालते. दोन पायांच्या मधल्या बोगद्यात समोरून हवा घुसते, दाबली जाते आणि बोटीला वर उचलते, म्हणून तर तिचा पाण्याशी कमी घासा होतो आणि तेवढ्याच ताकदीत ती साध्या बोटीपेक्षा जास्त पळते. पण ही उचल वेगाच्या वर्गाने वाढते, वेग दीडपट झाला की उचल सव्वादोनपट. आणि हवेला तुमचा जीपीएस दिसत नाही, तिला फक्त समोरून येणारा वारा कळतो. जीपीएसवर ताशी 110 दिसतंय आणि मागून 20 चा वारा आहे तर बोगद्याला लागते 90 ची हवा, तीच बोट वळवून वाऱ्याच्या तोंडावर घेतली की 130 ची. काटा तोच 110 वर, पण उचल दुपटीपेक्षा जास्त. मग नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर जाते, बोगद्याचं तोंड अजून उघडतं, अजून हवा घुसते, आणि एका मर्यादेनंतर बोट पतंगासारखी मागे उलटते. विमानाला निदान शेपटीला नाळ खाली दाबायचं पातं असतं, इथे काही नाही, तुमच्या हातात फक्त ट्रिमचं बटण (इंजिन तिरकं करायचं, बाहेर काढलं की नाळ वर, आत घेतलं की खाली) आणि थ्रॉटल.

मी हे स्वतः बघितलंय. दोन सीझनमागे एका मालकाची चोवीस फुटी कॅट सेट करत होतो. ट्रायल सकाळी सातला ठरली होती, समुद्र अगदी तेलासारखा होता, पण मालकाला बॅटऱ्या मागे हलवायच्या होत्या कारण पुढच्या लॉकरमध्ये आइसबॉक्स ठेवायचा होता, त्यात साडेअकरा वाजले आणि खारं वारं सुटलं. मीही नको म्हटलं नाही, ही माझी चूक. पहिली फेरी वाऱ्याबरोबर मारली, बोट चिकटून बसल्यासारखी वाटली म्हणून मालकाने ट्रिम बाहेर काढत नेलं, 110 आलं, खुश झाला. मग हळू करून व्यवस्थित वळवली पण ट्रिम आत घ्यायचं राहून गेलं, आणि वाऱ्याच्या तोंडावर थ्रॉटल उघडला. आधी स्टीअरिंग हलकं झालं, इतकं हलकं की जणू चाकाला काही जोडलेलंच नाही. मग पंख्यांचा आवाज बदलला, घरघर होती तिची किंचाळी झाली. आणि मग समोरची खांदेरी बेटाची रेघ नाळेखाली गेली, फक्त आकाश. मी त्यांच्या हातावर हात ठेवून थ्रॉटल हळूहळू मागे घेतला, दुसऱ्या हाताने ट्रिम आत दाबून धरलं, चाक सरळ धरा म्हणून ओरडलो. बोट खाली बसली. सेकंद किती गेले माहिती नाही, दोन असतील. जेट्टीला येईपर्यंत आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही.

नंतर मोजून बघितलं तर सगळं सरळ होतं. बॅटऱ्या मागे गेल्याने वजन मागे, पुढच्या टाकीत पेट्रोल कमी (दोनशे लिटर पेट्रोल म्हणजे दीडशे किलोच्या आसपास वजन, ते जळून गेलं की नाळ तेवढी हलकी), आइसबॉक्स रिकामा, आणि इंजिन मी एक भोक (बोल्ट लावायचं) वर घेतलेलं. एकेकटं काहीच मोठं नव्हतं, सगळं एका दिवशी एकत्र आलं आणि वर वारा.

तेव्हापासून माझा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इंजिन पहिल्या दिवशी खालीच ठेवायचं, मग एकेक भोक वर, ट्रान्समवरचं (इंजिन टांगतात त्या मागच्या फळीवरचं) एक भोक म्हणजे पाऊण इंच. इंजिन वर घेतलं की खालच्या गिअरकेसचा घासा कमी होतो, वेग वाढतो, हे सगळ्यांना माहिती असतं म्हणून सगळ्यांना वर घ्यायची घाई. पण वर घेतल्यावर थंड पाणी ओढणारी भोकंही वर येतात, तेव्हा वॉटर प्रेशरचा काटा नाही तर वर घेऊच नका, वेगात प्रेशर पडायला लागलं की तिथेच थांबायचं आणि एक भोक खाली. दोन्ही इंजिनांची उंची आणि ट्रिम फूटपट्टी लावून सारखी करायची, डॅशबोर्डवरच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा नाही, ते दोन काटे एकमेकांशी क्वचितच जुळतात. एक इंजिन थोडं जरी जास्त बाहेर राहिलं तर बोट एका पायावर कलते आणि चालवणारा सरळ धरायला चाकाशी झगडत बसतो.

पंख्याचा हिशोब तर कोणीही वहीत करू शकतो. समजा 6000 आरपीएम, गिअर रेशो 1.75, पंखा 26 पिचचा. म्हणजे पंखा मिनिटाला साधारण 3430 फेरे घेतो, पाणी घट्ट असतं तर एका फेऱ्याला 26 इंच म्हणजे 66 सेंटिमीटर पुढे, तासाला झाले 136 किलोमीटर. जीपीएस 122 दाखवतोय तर दहा टक्के स्लिप (पाण्यात वाया गेलेलं), ठीक आहे. हाच आकडा वीस-पंचवीसवर गेला तर इंजिन जास्त वर आहे नाहीतर पंखा मार खाल्लेला आहे किंवा वजन चुकलंय. प्रत्येक ट्रायलला तारीख, वारा, पेट्रोल, माणसं, भोक, पिच, आरपीएम, जीपीएस एवढं लिहून ठेवा. पिच एक इंच बदलली की आरपीएम दीडशे-दोनशेने हलतो, वही असली तर पुढचा पंखा अंदाजाने घ्यावा लागत नाही, आणि आजकाल स्टीलचा पंखा काय भावाने येतो ते घेणाऱ्यांना विचारा.

चालवण्याचं म्हणाल तर साध्या बोटीवरून आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त फसवतं ते वळण. साधी व्ही तळाची बोट वळताना आत कलते, अंगाला वाटतं की आपण धरलेले आहोत. कॅट सपाट वळते, माणसं बाहेरच्या बाजूला फेकली जातात. आणि वेगात वळवलं तर बाहेरचा पाय पाण्यात रुतून बोट तिथेच अडखळून उलटू शकते. म्हणून आधी वेग कमी, मग ट्रिम आत, मग वळण, आणि सरळ झाल्यावरच परत थ्रॉटल. घाबरून थ्रॉटल एकदम बंद करणं तेवढंच वाईट, नाळ धपकन खाली बसते, बोट झटका देऊन वळते आणि पुढे बसलेला माणूस बाहेर. शर्यतीच्या मोठ्या कॅटमध्ये दोन माणसं असतात, एक फक्त चाक धरतो आणि दुसरा फक्त थ्रॉटल-ट्रिम बघतो, थ्रॉटलमन म्हणतात त्याला. दोन तरबेज माणसांना जे वाटून घ्यावं लागतं ते आपल्याकडे एकटा मालक गॉगल लावून, मागे चार पाहुणे बसवून करतो.

तरबेज माणसंही यात गेलीत. पाण्यावरच्या वेगाचा विक्रमवीर डोनाल्ड कॅम्पबेल 4 जानेवारी 1967 ला इंग्लंडमधल्या कॉनिस्टन तळ्यावर दगावला, त्याची ब्लूबर्ड जेट इंजिनची होती, कॅट नव्हती, पण उलटली ती हवेनेच, पहिली फेरी मारून पाणी पुरतं शांत व्हायच्या आत तो दुसऱ्या फेरीला निघाला होता. स्टेफानो कासिरागी, मोनॅकोच्या राजकन्येचा नवरा, आधीच जगज्जेता झालेला, 3 ऑक्टोबर 1990 ला मोनॅकोसमोर कॅटमरान उलटून गेला. तेव्हा बऱ्याच बोटींचे कॉकपिट उघडे असायचे. आज शर्यतीच्या बोटीत माणूस बंद मजबूत कॉकपिटमध्ये पट्ट्यांनी बांधलेला असतो, आणि उलट्या कॉकपिटमधून पाण्याखाली बाहेर पडायची परीक्षा पास झाल्याशिवाय त्याला उतरवत नाहीत.

आपल्याकडेही लोकांनी अशा शर्यती बघितल्यात, मार्च 2017 मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटी धावल्या, नोव्हेंबर 2018 मध्ये अमरावतीला कृष्णा नदीवर पाण्यावरच्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या, बोगद्याच्या बोटी आल्या होत्या, त्या तर दोनशेच्या वर जातात. पण अशा शर्यतीत पाणी मोकळं केलेलं असतं, बोये लावलेले असतात, पाणबुडे आणि रेस्क्यू बोटी उभ्या असतात. आणि आमच्या ट्रायलला काय असतं? समोर कोळ्याची होडी, डोल जाळ्याच्या खुंट्या, तरंगती दोरी, मोठ्या जहाजाने सोडलेली लाट आणि आडवी जाणारी फेरी. ताशी 100 म्हणजे सेकंदाला 28 मीटर. तीनशे मीटरवरची होडी दिसल्यापासून तुमच्याकडे दहा-अकरा सेकंद, आणि नाळ वर असेल तर ती दिसतच नाही. समुद्रात सगळ्यांना लागू असलेल्या 1972 च्या नियमांमध्ये नजर ठेवणं पाचव्या आणि सुरक्षित वेग सहाव्या नियमात आहे, म्हणजे हे नवीन काही मी सांगत नाहीये.

अजून एक, किल कॉर्ड. ती लाल गुंडाळीची दोरी, एक टोक स्विचला, दुसरं चालवणाऱ्याच्या मांडीला किंवा जॅकेटला. माणूस फेकला गेला की इंजिन बंद. इथल्या बोटींवर बघा, दहातल्या बऱ्याच बोटींवर ती स्विचला तशीच लटकलेली असते, वापरलेलीच नाही. मे 2013 मध्ये इंग्लंडात पॅडस्टोजवळ एक अख्खं कुटुंब बोटीतून फेकलं गेलं, सहा जण, दोरी बांधलेली नव्हती, रिकामी बोट गोल फिरत परत त्यांच्यावरच आली. बाप आणि आठ वर्षांची मुलगी गेली. अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांखालच्या बोटींना ती जोडून चालवणं कायद्याने सक्तीचं आहे. दोरीला पैसे किती लागतात? आणि लाइफ जॅकेट म्हणजे ते एका बंदाचं, नारिंगी, पाहुण्यांसाठी सीटखाली कोंबलेलं नव्हे. वेगात पाण्यावर आपटलं की ते डोक्यावरून निघून जातं, फोमचं, तीन-चार पट्ट्यांचं घट्ट जॅकेट पाहिजे, आणि ट्रायलला हेल्मेट.

माझी बंदर खात्याला आणि बोट क्लबवाल्यांना हात जोडून विनंती आहे, मांडवा आणि करंजा दोन्हीकडे फेरीच्या वाटेपासून लांब एक पट्टा ट्रायलसाठी बोये लावून ठरवून द्या. वेळ सकाळी सहा ते नऊ, खारं वारं सुटायच्या आत. इंजिन किंवा पंखा बदललेली बोट आधी तिथे जाईल, एक दुसरी बोट सोबत उभी राहील, चालवणारा आणि मेकॅनिक सोडून वर कोणी नाही, किल कॉर्ड बांधलेली आहे हे जेट्टीवरचा माणूस बघून मगच सोडेल, आणि निघण्याआधी व्हीएचएफ रेडिओवर फेरीबोटींच्या तांडेलांना (चालवणाऱ्यांना) सांगितलं जाईल. याला ना मोठा खर्च आहे ना नवा कायदा. इथल्या कोळी बांधवांना विचारून पट्टा ठरवा, जाळी कुठे आहेत आणि खडक कुठे ते त्यांच्याइतकं कोणालाच माहिती नाही. बोये टाकायला, पहिल्या सीझनला सकाळी उभं राहायला मी स्वतः येईन, आमच्यातले अजून दोघं-तिघं मेकॅनिक तयार आहेत.

पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून सगळ्या बोटी परत पाण्यात उतरतात आणि डिसेंबरच्या सुट्ट्यांत गेटवे-मांडवा फेऱ्या भरून वाहतात, त्यामुळे हे काम त्याआधी व्हायला पाहिजे.

आपला,
मांडव्याचा एक बोट मेकॅनिक
(ता. अलिबाग, जि. रायगड)