सुध्या, बेहड्यावर सही मागतायत

प्रिय सुध्या,

तुझे दोन मेसेज वाचून ठेवलेत आणि उत्तर दिलेलं नाही, तेव्हा काय शिव्या घालायच्यात त्या आत्ताच घालून घे म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच, शुगर काठावर, मीनाचा बीपी गोळीवर. झालं.

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मधे मधे बोलतोस आणि मग विषय तुझ्या सोसायटीच्या पार्किंगवर जातो. हे नीट सगळं वाच.

भालूदादा परवा तिन्हीसांजेला आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत संमतीपत्र. वरच्या वरकसातली झाडं लॉटवर, म्हणजे एकगठ्ठा लाकूडवाल्याला, द्यायची ठरवलीयेत त्याने. किंजळ, ऐन, दोन म्हातारे रायवळ आणि बेहडा. होय, आपला बेहडा. सातबारा सामाईक, त्यावर नावं मारुतीच्या शेपटासारखी, त्यामुळे तोडीच्या परवानगीला सगळ्यांच्या सह्या लागतात. मुंबईकरांच्या झाल्यासुद्धा. ग्रुपवर फॉर्म टाकला, त्यांनी प्रिंट काढून सही करून पाठवला, कुठलं झाड काय झाड एकानेही विचारलं नाही. राहिलो मी आणि वत्सूआत्या. आणि आत्या म्हणाली, रव्या करील तर मी करीन. म्हणजे घे, दोन्ही सह्या माझ्याच गळ्यात.

आता खरी गोष्ट. बेहड्याच्या ढोलीत गरुडाची जोडी आहे, पुस्तकात महाधनेश म्हणतात तो आपला गरुड. त्याच ढोलीत, जिच्याखालून तू एक चप्पल टाकून पऱ्यापर्यंत पळाला होतास आणि घरी जाऊन आईला सांगितलंस की बेहड्यावरच्या भुताने हाक मारली. (आधी रव्या पळाला असं तू अजून सांगतोस म्हणे, प्राचीनेच मला सांगितलं. मी पळालो नव्हतो, मी तुला थांबवायला मागून येत होतो.) तर ते भूत परत आलंय. मधली काही वर्षं ढोल रिकामी होती, त्याआधी कोण येत होतं देव जाणे, आपण दोघंही इथे नव्हतो. यंदा थंडीत ती दोघं वाडीवरून जायला लागली, पंखांचा तो आवाज तुला आठवत असेल, पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतो, मीना पहिल्यांदा ऐकून म्हणाली कोणीतरी वरून ताडपत्री ओढतंय. मग एके दिवशी मादी दिसायची बंद झाली आणि नर एकटाच यायला लागला, तेव्हा समजलो.

मी आता रोज सकाळी चहा पिऊन वर जातो. झाडाखाली नाही जात, पलीकडच्या कुंभ्याच्या आडोशाला बसतो, जवळ गेलं की तो खाऊ न घालताच निघून जातो. सुध्या, तू हे बघायला पाहिजेस. लहानपणी आपल्याला नुसता आवाज माहीत होता. मादी आत बसून ढोलीचं तोंड स्वतःच लिंपून घेते, स्वतःची शीट, फळांचा गर, लाकडाचा भुसा, सगळं चोचीने थापून थापून, आणि ते वाळून असं घट्ट होतं की नखाने निघायचं नाही. उभी फट तेवढी राहते, चोच जाईल एवढी. तिचे पंख आत झडतात, नवे येईपर्यंत ती उडूच शकत नाही. म्हणजे सगळा संसार बाहेरच्या नरावर. तो येतो, आधी समोरच्या ऐनावर बसून इकडे तिकडे बघतो, लाल डोळा आहे त्याचा, मादीचा पांढरा असतो, मग ढोलीशी येऊन लटकतो आणि मान झटकतो. घशातून एक उंबर वर येतं. चोचीच्या अगदी टोकावर, दोन बोटांत धरावं तसं, आणि फटीतून आत. परत मान झटकली, परत एक. एवढी अवजड चोच आणि एकही उंबर खाली पडत नाही. मी मोजायला लागतो आणि दरवेळी मधेच विसरतो. शेवटी कधीतरी एखादा सरडा निघतो, तो मात्र आधी आपटून मऊ केलेला असतो. पंखांवरचे पांढरे पट्टे पिवळट दिसतात ना, तो रंग त्याचा त्यानेच लावलेला. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, ते तेल चोचीने पिसांना चोपडतो. मीना म्हणते तुमच्या मित्राला पण सांगा, केस काळे करायला पार्लर नको.

झाडाखाली बियांचा खच पडलाय. काजऱ्याच्या बिया पण आहेत, त्या बटणासारख्या, ज्यांना हात लावला म्हणून तुझ्या आजीने तुला विहिरीवर उभं करून घासलं होतं. तो गर खातो आणि विषारी बी तशीच टाकतो, काही होत नाही त्याला.

असो. आता भालूदादाचं ऐक, कारण तू लगेच त्याच्यावर चिडशील आणि मला ते नकोय. तुमची बांधावरची जुनी भांडणं बाजूला ठेव जरा.

तो ओटीवर बसला, पाणी प्यायला, आणि मी गरुडाचं नाव काढल्यावर हसला. म्हणाला, "रव्या, तुझं बरंय रे. तुला पेन्शन आहे, तू दुर्बीण लावून बस. माझं काय?" आणि खरंच काय बोलणार? गेल्या पावसाळ्यात त्याचं सुरण, करांदे, कणगरं एका रात्रीत डुकरांनी नांगरून टाकली, दुसऱ्या दिवशी मी बघून आलो तर वाफे कुठले आणि वाट कुठली कळेना. भरपाईचा अर्ज केला, पंचनाम्याला माणूस येईपर्यंत डुकरं परत येऊन उरलेलं खाऊन गेली, मग पंचनामा करणारा विचारतो नक्की इथे काय लावलं होतं. भात निसवलं की रात्रभर माचावर बसायचं, डबे वाजवायचे. आणि दिवसा माकडं. तुला वाटतं माकडं म्हणजे आपल्या वेळची, चार दगड मारले की पळणारी. आताची लाल तोंडाची टोळी शहाळी पिळून काढते, एक घोट प्यायचं आणि फेकायचं, दुसरं घ्यायचं. पपई, केळी, कोवळे फणस, परसातली भोपळ्याची फुलं. आमच्याकडे मीनाने भाजी लावणंच सोडलं, बाजारातून आणते, कोकणात परसदार असून पडवळ विकत!

उपाय म्हणून काय काय केलं ऐक. बायकांच्या जुन्या साड्या कुंपणाला बांधल्या, पूर्ण आगर हळदीकुंकवाला बसल्यासारखं दिसायला लागलं. न्हाव्याकडून केस आणून टाकले डुकरांसाठी, दोन रात्री चाललं. पाइपची कार्बाइडवाली बंदूक आणली, आवाज दणदणीत, पण ती फुसकी गेली म्हणून आत वाकून बघताना पोरांचे डोळे जातात, म्हणून मी ती बंद करायला लावली. मग भालूदादाच्या नातवाने ऑनलाइन वाघ मागवला, कापसाचा, चांगला मोठा, माडाच्या बुंध्याला बसवला. पहिला दिवस टोळी फिरकली नाही. दुसऱ्या दिवशी एक माकडीण पिल्लाला घेऊन त्याच्या पाठीवर बसून उवा काढत होती. आणि गंमत म्हणजे खरा आला तेव्हा पत्ताच नाही, खरा बिबट्या म्हणतोय मी, भालूदादाच्या पडवीतून मोत्याला उचलून नेला, साखळीचा तुकडा तेवढा राहिला. दादा मोत्याबद्दल काही बोलत नाही. पण तेव्हापासून तो असा झालाय.

आता सोलरचं झटका मशीन घालायचंय त्याला, तारेला हात लागला की झटका बसतो पण जीव जात नाही, ते. चांगली गोष्ट आहे, कारण पलीकडच्या वाडीत लोकं फासक्या लावतात, डुकरासाठी लावतात आणि बिबट्या अडकतो. भालूदादाने आयुष्यात फासकी लावलेली नाही, हे मी कुणाहीपुढे सांगेन. मशीनला पैसे पाहिजेत म्हणून झाडं. आता बोल, कोणाची बाजू घ्यायची?

शिवाय बेहड्याचा त्याला वेगळा धसका आहे. २०२१ ला तौक्ते वादळात त्याची एक फांदी गोठ्यावर आली होती, पत्रे फुटले, म्हैस वाचली. आता पश्चिमेची फांदी परत गोठ्याकडे झुकलीये. ते मला पण दिसतं.

मी त्याला सांगितलं, आत्ता घरटं असताना हात लावलास तर गुन्हा आहे, वन्यजीव कायद्यात १९७२ पासून घरटं मोडणं म्हणजे शिकारच धरतात आणि हा पक्षी तर पहिल्या परिशिष्टातला. तो म्हणाला बरं, मेमध्ये उडून गेले की तोडू. इथे मी अडकलो. कारण ते पुढच्या वर्षी परत तिथेच येणार, जुनी ढोल सोडत नाहीत ते, आणि एवढ्या मोठ्या पक्ष्याला मावेल अशी ढोल स्वतः कोरता येत नाही त्यांना, म्हाताऱ्या झाडाचीच लागते. आपल्याकडे जंगल म्हणजे सगळं असं कुणाच्या तरी सातबाऱ्यावरचं. आमच्या डोंगराच्या त्या बाजूला लॉट गेल्यात, आता नुसती काजूची कलमं आहेत, रांगेत. काजूला कुठे ढोल?

रात्री झोप नाही लागली. मीना म्हणाली झाडासाठी भावाशी तोडू नका, उद्या आपल्या दोघांना काही झालं तर रिक्षा तोच आणणार आहे. ते पण खरं. परवा नहाणीत धामण शिरली तेव्हा हिने मला नाही, त्यालाच हाक मारली. तो आला, शेपूट धरून शांतपणे मागच्या गडग्यावर सोडून आला, म्हणाला राहू दे, उंदीर खाते. हाच माणूस बघ.

मधेच तुझं विचारतो नाहीतर म्हणशील नुसतं स्वतःचं. प्राचीचं ठरलं हे वाचून फार बरं वाटलं, मुलगा कुठला, काय करतो ते कळव. तारीख मेमधली धरू नकोस एवढं बघ, कारण तेव्हा पिल्लू बाहेर येणार. हसू नकोस. दाताचं काम झालं का?

आता मुद्दा. लाकूडवाल्याला मी बाजारात गाठला. बेहड्याच्या लाकडाला तसा भाव नाही, कीड लागते, ते जळाऊ म्हणूनच जाणार आहे, त्याने वजन भरायला लॉटमध्ये घेतलाय. खरे पैसे किंजळ आणि ऐनाचे. म्हणजे बेहडा वगळला तर दादाचं नुकसान फार नाही, आणि तो फरक मी द्यायला तयार आहे, गोठ्याकडची फांदी माणूस लावून उतरवायचे पैसेपण, पावसाआधी, पिल्लू उडाल्यावर. पण मी दिलेले तो घेणार नाही. म्हणेल पेन्शनचा माज आला. झटका मशीनला अर्धे देतो म्हटलं होतं तर आठवडाभर ओटीवर आला नाही. किंजळ जातोय याचं मला वाईट वाटतंच, पण सगळंच अडवलं तर तो माझं काहीच ऐकणार नाही, आणि त्याने का ऐकावं?

तुझं तो ऐकतो. भांडतो पण ऐकतो. तुझ्या बाबांनी त्याला पहिली म्हैस घ्यायला पैसे दिले होते हे तो अजून चारचौघांत सांगतो. तर तू असं कर, त्याला फोन कर, साडेनऊनंतर नको, झोपतो. आधी म्हशीचं विचार, मग नातवाचं, मग हळूच बेहड्यावर ये. माझ्याशी बोलणं झालंय हे सांगू नकोस, किंवा सांग, त्याला कळणारच. म्हणावं बेहडा लॉटमधून काढ, त्याचे जे काय होतील ते मी देतो, मला त्या झाडाशी जुना हिशोब आहे. भुताचं सांग हवं तर. पैसे मी तुला जीपे करतो, तू त्याला पाठव. तुझा नंबर तोच आहे ना? आणि बाकीच्या झाडांवर मी सही करतो, रव्याने अडवलं असं गावात नको व्हायला. बेहडा खोडलेला नवा कागद आणला की त्याच दिवशी. आत्याचीही करून घेतो.

संमतीपत्र सध्या पंचांगात घालून ठेवलंय, चष्मा तुटलाय अशी थाप मारलीये. ती थाप फार दिवस चालणार नाही, मी रोज दुर्बीण घेऊन वर जाताना त्याला दिसतो.

फोन झाला की मेसेज टाक. वरच्या बाजूला रेंज नसते, म्हणून दुपारी जेवणाच्या वेळेला टाक.

तुझा,
रव्या

ता. क. वहिनींना सांग आमसुलं पाठवतोय, यंदा मीनाने घातली नाहीत, भालूदादाकडचीच आहेत. त्याचे पैसे त्यालाच दे, आणि फोनवर आमसुलं चांगली होती एवढं सुरुवातीलाच बोल, मिळाली नसली तरी.