सही आईचीच घेणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री तुम्ही जे केलंत, त्यासाठी हे पत्र. डिस्चार्जच्या दिवशी बिल, मेडिक्लेम, औषधं या धावपळीत तुमची भेट झाली नाही. तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण वाचलंत तर नक्की ओळखाल.

तुम्ही फाईल घेऊन आलात तेव्हा भावानं सवयीनं पेन काढलं. तुम्ही म्हणालात, "काकू चांगल्या बोलतायत की, सही त्यांचीच लागेल." ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता. आईला तो वाचता येत नाही आणि डॉक्टरांशी तिचं अजून सविस्तर बोलणंही झालेलं नाही, हे कळल्यावर तुम्ही फाईल मिटलीत. "मॅडम समजावून सांगतील, मग सही. तोवर मी घेणार नाही." वॉर्ड भरलेला, सकाळी ऑपरेशनच्या यादीत आईचा पहिला नंबर, तुमची ड्युटी संपत आलेली. अशा वेळी 'इथं सही करा' म्हणून मोकळं होणं किती सोपं असतं! तुम्ही सर्जन मॅडमना फोन लावलात.

मॅडम ओपीडी आटोपून वर आल्या आणि खुर्ची ओढून आईसमोर बसल्या. आम्ही मध्ये बोलायला लागलो तेव्हा, "आधी काकूंना बोलू द्या," म्हणाल्या. एका कोऱ्या कागदावर त्यांनी यकृत काढलं, त्याखाली पित्ताची पिशवी, तिच्यातून निघणारी नळी. पोटाला चार छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीनं पिशवी काढणार, आत कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवणार, त्यामुळे नंतर खांदा दुखू शकतो. पिशवी फार चिकटलेली निघाली तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागेल. मुख्य पित्तनळीला इजा क्वचित होते, पण झाली तर पुन्हा मोठं ऑपरेशन. आणि काहीच केलं नाही तर? पिशवीतला खडा नळीत अडकला की कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. भुलीचे डॉक्टर वेगळे येऊन बोलतील, त्यांचा फॉर्मही वेगळा.

आईनं विचारलं, "पिशवीच काढली तर पित्त साठणार कुठं?" मॅडमनी सांगितलं, पित्त यकृतात तयार होतं, पिशवी ते फक्त साठवते, आता ते थेट आतड्यात उतरत राहील.

मग आई थोडी थांबून म्हणाली, "मी भुलीत असताना आत आणखी काही दिसलं तर?"

हा प्रश्न कुठून आला ते आम्हाला ठाऊक होतं. मावशीचं एका दवाखान्यात गाठीचं ऑपरेशन झालं होतं. दोन्ही अंडाशयंही काढल्याचं तिला डिस्चार्ज कार्डावरून कळलं. संमतीच्या कागदावर सही काकांची होती. "बायकांना कशाला घाबरवायचं" हे आमच्या घरात मायेनंच म्हटलं जातं, पण त्या मायेत मावशीला कुणी विचारलंच नाही. तिला अजून त्याचा राग येतो, आणि तो रास्त आहे.

मॅडम म्हणाल्या, "जिवावर बेतलं असेल तर तेवढं करू. एरवी हात लावणार नाही. तुम्ही जाग्या झालात की सांगू, मग ठरवा."

सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलेलं आहे, हे मी नंतर वाचलं. दिल्लीत १९९५ साली ४४ वर्षांच्या एका अविवाहित बाईंनी दुर्बिणीच्या तपासणीसाठी संमती दिली होती. त्या भुलीत असताना बाहेर थांबलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. समीरा कोहली खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १६ जानेवारी २००८ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. आणि रुग्ण सज्ञान असेल, जिवाला तातडीचा धोका नसेल, तर तिच्या आईची संमतीसुद्धा तिच्या संमतीच्या जागी चालत नाही. उपचार काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, नकार दिला तर काय होईल, हे रुग्णाला कळेल असं सांगायला हवं. आईला त्या रात्री यातलं सगळं मिळालं.

मॅडम गेल्यावर तुम्ही केलेली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. "काकू, आता तुम्ही मला सांगा, उद्या काय करणार आहेत?" आई म्हणाली, "चार भोकं पाडून पिशवी काढायची. नाही जमलं तर पोट उघडायचं. नको म्हटलं तर पुढं कावीळ व्हायची भीती." मग तुम्ही फॉर्मवर मोकळ्या जागेत मराठीत लिहून घेतलंत, 'मला मराठीत समजावून सांगितले, शंकांची उत्तरे मिळाली', खाली तारीख, वेळ. आईनं चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि पूर्ण नाव लिहून सही केली. साक्षीदार म्हणून खाली तुमची सही.

भीती तिला वाटलीच. पण ऑपरेशननंतर खांदा ठणकायला लागला तेव्हा आम्हीच घाबरलो, आणि ती म्हणाली, "गॅसचं आहे ते, मॅडमनी सांगितलेलं." आता ती घरी आहे, जेवण सुधारलंय, टाके सुकलेत.

तुमच्या हॉस्पिटलच्या जिन्याजवळ रुग्णहक्कांची सनद लावलेली आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांपासून ती लावावीच लागते. व्यवस्थापनाला मी वेगळं पत्र दिलं आहे. त्यात तुमचं आणि मॅडमचं नाव घेऊन आभार मानलेत आणि संमतीचा फॉर्म मराठीत छापून घ्यावा, तो आदल्या रात्री नव्हे तर ऑपरेशनची तारीख ठरते तेव्हाच घरी वाचायला द्यावा, अशी विनंती केली आहे. त्यावर आईचीही सही आहे.

आपली कृतज्ञ,
काकूंची मुलगी