मधले नाव कुणाचे?

संपादक महोदय,

लग्नानंतर आडनाव बदलावे असा कायदा आपल्याकडे नाही. तरीही माझ्या मुलीने गृहकर्जासाठी अर्ज केला, तेव्हा नवऱ्याचे आडनाव का नाही, म्हणून तिच्याकडून प्रतिज्ञापत्र मागितले गेले. विवाह नोंदणीचा दाखला समोर असताना! सुनेने नाव बदलले, तर तिची पदवी एका नावाची आणि आधार दुसऱ्या. म्हणजे बदला किंवा बदलू नका, खेटे बाईलाच.

आपल्याकडे प्रश्न नुसत्या आडनावाचा नाही. मधले नावही जाते; वडील पुसले जातात, नवरा येतो. माझ्या लग्नात तर ताटातल्या तांदळात अंगठीने पहिले नावही नवे लिहिले. (माहेरी अजून जुन्याच नावाने हाक मारतात, तेवढाच आधार.)

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत वडिलांच्या आधी आईचे नाव लावायचा निर्णय राज्य सरकारने घेतला, हे चांगलेच झाले. पण त्या आईचे नाव कोणते, ते तिलाच ठरवू द्या. अर्जात पतीच्या नावाचा रकाना वेगळा ठेवा. मधल्या नावाची सक्ती कशाला?

– एक वाचक, सातारा