फुगलेल्या माशाला कॅप्सूल नको, आधी वरून पाहा

महोदय,

घरच्या टाकीतला गोल्डफिश किंवा फायटर फुगला की सल्ला ठरलेला: टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून पाण्यात टाका. पाणी पिवळे होते, मासा जातो, आणि कधी कधी त्याच्यामागोमाग धडधाकट मासेही. या सल्ल्याबद्दल थोडे लिहावेसे वाटते.

फुगणे हे लक्षण आहे, आजार नव्हे. मासा बाजूच्या काचेतून न पाहता वरून पाहावा. खवले अंगापासून सुटून सुरूच्या फळासारखे उभे राहिले असतील तर तो जलोदर. सोबत बहुधा डोळे बाहेर आलेले असतात, कल्ले फिकट पडतात, मासा खाणे सोडतो. खवले चपटे असतील तर घाई नको. मॉली-गप्पीची मादी गाभण असेल, किंवा कोरडे दाणे जास्त झाले असतील. पोट अडलेल्या गोल्डफिशला दोन-तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला मटार, एवढे पुरते. एकाच बाजूने फुगलेल्या माशात गाठ किंवा मूत्रपिंडातला परजीवी असू शकतो, तिथे घरगुती इलाज चालत नाही.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्यापेक्षा क्षार जास्त, म्हणून कल्ल्यांवाटे पाणी सतत आत शिरते आणि मूत्रपिंडे ते अहोरात्र उपसत असतात. हा उपसा थांबला की पोटात पाणी साचते. तो थांबवणारे एरोमोनाससारखे जंतू बहुतेक टाक्यांत असतातच. अमोनिया-नायट्राइटने (माशांच्या मलमूत्रातून पाण्यात साचणारी विषे) मासा खंगला की त्यांचे फावते. म्हणून पहिले काम पाणी तपासण्याचे. थेंबांचे किट घ्यावे. दोन्ही शून्यच हवेत. आकडा वर दिसला तर बहुतेक वेळा कोणीतरी फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतलेला असतो (क्लोरीनने ही विषे पचवणारे उपयोगी जिवाणू मरतात, तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा), नाहीतर आवाज नको म्हणून रात्री फिल्टर बंद केलेला असतो.

आजारी मासा 20 लिटर पाणी भरलेल्या वेगळ्या टाकीत ठेवावा. तापमान मूळ टाकीइतकेच, हवेचा पंप चालू, पाणी उथळ. त्यात 1 सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, एप्सम सॉल्ट वेगळ्या भांड्यात विरघळवून घालावे. हे मॅग्नेशियम सल्फेट. स्वयंपाकाचे मीठ नव्हे. रोज एक तृतीयांश पाणी बदलावे, नवे पाणी अँटिक्लोरीन घातलेले. इथे हमखास चूक होते ती रोज पूर्ण चमचा घालण्याची. 6 लिटर काढले तर 6 लिटरपुरतेच, म्हणजे दीड ग्रॅम घालायचे. याने सूज उतरायला मदत होते. जंतू मरत नाहीत.

जंतूंवर प्रतिजैविक लागते, पण ते पशुवैद्यकाने ठरवावे, आणि मासा खात असेल तोवर खाद्यातून दिलेले बरे. टेट्रासायक्लिन जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून निकामी होते. बोअरवेलच्या पाण्यात तिचा उपयोग फारसा नाही, आणि एप्समबरोबर तर दोन औषधे एकमेकांच्याच विरोधात. शिवाय मुख्य टाकीत प्रतिजैविक ओतले की फिल्टरमधल्या जिवाणूंना फटका बसू शकतो आणि अमोनिया वाढतो. मागोमाग इतर मासे जातात ते बऱ्याचदा यामुळे.

खवले उभे राहिल्यावर मासा वाचण्याची शक्यता थोडीच उरते, हे दुकानदारांनी गिऱ्हाइकाला सरळ सांगावे. कॅप्सूलऐवजी काउंटरवर किट ठेवावे. आणि 'जगला तर जगेल' म्हणून असा मासा कोणी तळ्यात वा नदीत सोडू नये. त्याचे जंतूही त्याच्याबरोबर जातात.

– मत्स्यटाकी बाळगणारे काही वाचक, पुणे